भांडखोर बायकांसाठी अनुदान

सारायेव्हो, ११ फेब्रुवारी २००४

प्रिय झुम्रेता मावशी,

सलाम. आई म्हणते, तू फोन पुन्हा काढून टाकलास, कारण फोनवर ओरडून बोलावं लागतं आणि मग अख्ख्या ब्रेझाकला आपल्या घरातलं कळतं. म्हणून हे पत्र.

मला नोकरी लागून चार महिने झाले. संस्थेचं नाव 'नवे पूल'. लढाईनंतर ज्या गावांत दोन्हीकडची माणसं पुन्हा एकमेकांसमोर राहायला आली आहेत, तिथल्या बायकांना एकत्र धंदा काढून द्यायचा, म्हणजे त्यांच्यात शांतता नांदेल, असं आमचं काम. ऐकायला पुस्तकी वाटेल, पण यंत्रं मिळतात, शेड मिळते, खरोखर मिळते.

मला पहिल्यांदा तूच आठवलीस. तू आणि ओढ्यापलीकडच्या विदोसावा काकू तीन हंगाम एका काहिलीत आलुबुखार आटवून पेकमेझ विकताय. एक आपल्यातली मुसलमान, एक सर्ब. आमच्या साहेबांना जे घडवून आणायचंय ते तुम्ही कुणाला न विचारता करून बसलाय. अर्ज सोबत पाठवते आहे. सगळं खरं लिही. असं उदाहरण पाहून साहेब खुर्चीवरून उठतील.

तुझी,
आल्दियाना


ब्रेझाक, २१ फेब्रुवारी २००४

आल्दियाना पोरी,

अर्ज भरला. चष्मा विदाचा, हस्ताक्षर माझं. बावीस पानं होती. त्यातली सात पानं आम्हाला एकमेकींविषयी काय वाटतं यावर होती आणि पेकमेझवर अर्धं.

शेड मिळाली तर फार बरं होईल. जानेवारीत आरोग्य खात्याचा माणूस येऊन गेला. म्हणाला, भिंतीला फरशी आणि नळाला पाणी नसेल, तर येत्या हंगामापासून बुधवारच्या बाजारात एक बरणी विकू देणार नाही. आम्ही नऊ बायका आहोत. पाच इकडच्या, चार पलीकडच्या. त्यातल्या सहा जणींच्या घरात दुसरं काही येत नाही. तेव्हा तुझ्या साहेबांना म्हणावं, उठायचं असेल तर लवकर उठा.

एक प्रश्न असा होता: तुमच्यात संघर्ष किती? एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे फार. विदा म्हणाली एक लिही. मी म्हटलं दीड, कारण ती लाकडं ओली आणते. शेवटी एक लिहिलं. दुसरा प्रश्न: गेल्या महिन्यात दुसऱ्या समाजातल्या कुणाची भीती वाटली का? मला विदाच्या कुत्र्याची वाटते, पण तो कुठल्या समाजाचा हे ठरेना, म्हणून जागा कोरी सोडली.

आम्ही एकत्र कसं आलो, तेही विचारलं होतं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. लढाईत हाकलल्यावर मी २००१ साली परत आले तेव्हा घराला छप्पर नव्हतं, पण झाडं उभी होती. विदाची झाडं सैन्यानं तोफेला समोर मोकळं हवं म्हणून तोडली होती. तिच्याकडे काहील होती, माझ्याकडे फळ. ती ओढा ओलांडून आली, झाडांकडे बघून म्हणाली, "सडून जातील." एवढंच बोलली. काहिलीपाशी लढाईचा विषय काढायचा नाही, हे आमचं तेव्हापासून ठरलेलं आहे, तेही न बोलता.

आईला सांग, गुडघा बरा आहे.

तुझी,
झुम्रेता मावशी


सारायेव्हो, ८ मार्च २००४

प्रिय मावशी,

आज महिला दिन. ऑफिसातल्या प्रत्येकीला एकेक कार्नेशन मिळालं आणि मला त्यासोबत तुझा अर्ज परत मिळाला.

नाकारलाय. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, फार सुंदर, पण यात मिटवण्यासारखं काय आहे? आमचं अनुदान संघर्षग्रस्त बायकांसाठी आहे. संघर्षपातळी किमान तीन लागते. तुमची एक. शेजारच्या नगरपालिकेतल्या बायकांनी परवा विणकामाच्या वर्गात एकमेकींच्या अंगावर खुर्च्या फेकल्या, त्यांचा अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला.

मी सकाळपासून विचार करतेय. मावशी, समजा तुम्ही दोन गट केलेत. इकडचा वेगळा, पलीकडचा वेगळा. बाजारात दोन टेबलं मांडलीत. चार लोकांसमोर थोडी बाचाबाची केलीत. मग नव्यानं अर्ज केला, पातळी चार. उन्हाळ्यात आमची कार्यशाळा होईल, त्यात तुमचा समेट होईल, शरदात शेड उभी राहील आणि तुम्ही पुन्हा एका काहिलीवर. थोडंसं नाटक. त्यात कुणाचं काय जातंय?

हे पत्र वाचून जाळून टाक.

तुझी,
आल्दियाना


ब्रेझाक, २८ मार्च २००४

आल्दियाना पोरी,

पत्र जाळलेलं नाही. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर विदानं मोज्यांचा नमुना काढून घेतला.

सगळ्या जणींना वाचून दाखवलं. बाकीच्या पोट धरून हसल्या. विदा मात्र म्हणाली की तिला हे आवडलेलं नाही. तिला खोटं भांडता येत नाही, हसू येतं म्हणे. मग आम्ही तिच्या स्वयंपाकघरात दोनदा तालीम केली. मी म्हणायचं, तू पेकमेझमध्ये पाणी घालतेस. तिनं म्हणायचं, तुझ्या बरणीत गांधीलमाशी निघाली. यापलीकडे जायचं नाही असं ठरवलं.

गेल्या बुधवारी केलं. विदा खरंच हसू लागली, म्हणून तिनं डोक्यावरच्या रुमालाआड तोंड धरलं, आणि लोकांना वाटलं ती रडतेय. त्यामुळे उलट जास्त रंगलं. टेबलं वेगळी केली. अंडी विकणारी सेहिया आहे ना, गेली तीन वर्षं जी आमच्या दोघींच्या मधोमध बसायची, तिनं टोपली उचलली आणि माझ्या बाजूला आणून ठेवली. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, तिला वाटलंच होतं. काय वाटलं होतं, ते तिनं सांगितलं नाही.

नवा अर्ज सोबत आहे. पातळी चार लिहिली आहे.

तुझी,
झुम्रेता मावशी


सारायेव्हो, ३ मे २००४

प्रिय मावशी,

मंजूर. आमच्या विभागातली सगळ्यात गंभीर जोडी म्हणून ब्रेझाक आणि ओढ्यापलीकडचं विलिन लुग यांची निवड झाली आहे. साहेबांनी नकाशावर तुमच्या ओढ्याला लाल टाचणी लावली. मला 'प्रकल्प अधिकारी' केलंय आणि माझ्या दारावर पाटी आहे. पाटी आपली, सर्ब आणि क्रोएट अशा तीन भाषांत आहे. तिन्ही ओळी वाचल्या की एकसारख्याच ऐकू येतात, पण नियम आहे.

१४ जूनला कार्यशाळा. परदेशातून बिर्गिटे बाई येणार आहेत. त्यांनी चार खंडांत समेट घडवून आणले आहेत. तुम्ही गोलात बसायचं आणि मनात दडलेलं एक वाक्य बोलायचं, बस. कुणाला रडता आलं तर उत्तम. नगरपालिकेचा एक माणूस येईल, पलीकडच्या पंचायतीचाही येईल. विदा काकूंना सांग, यावेळी हसायचं नाही.

तुझी,
आल्दियाना


ब्रेझाक, २५ मे २००४

आल्दियाना पोरी,

शेड मंजूर झाली हे ऐकून सगळ्या खूश आहेत. आता दुसरं ऐक.

आम्ही एकत्र होतो तेव्हा तीन वर्षांत एका माणसानं आम्हाला शाबास म्हटलं नाही. वेगळ्या झालो तर शाबासकी थांबत नाहीये. हाजींची बायको मुद्दाम चीज भरलेला पिटा घेऊन आली. म्हणाली, तुम्हाला उशिरा का होईना कळलं. आपल्या पक्षाच्या माणसानं बाजारात माझ्याशी हात मिळवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की आपण आपल्या बायकांकडूनच घ्यायला हवं. आणि लोक घेतात. आपले माझ्याकडून, त्यांचे विदाकडून. मागच्या वर्षी हीच माणसं चव बघून घेत होती.

विदाकडेही तसंच चाललंय. तिचा पोपच्या, म्हणजे त्यांच्या गावच्या पाद्र्याच्या, घरी सत्कार झाला. आलुबुखाराची दारू, रकिया, आणि वर भाषण. तिनं मला हे सांगितलं तेव्हा आम्ही हसलो, पण ती मागच्या दारानं आली होती आणि डोकं खाली घालून गेली. त्यानंतर आलेली नाही. तिच्या जावयाला आवडत नाही म्हणे. तीन वर्षं त्याला काही वाटलं नव्हतं.

मी परवा तिच्या टेबलाकडे पाहिलं तर ती एका बाईला सांगत होती, "तिकडचा पातळ असतो." ठरल्याप्रमाणेच बोलत होती. तरी मला लागलं. माझा पातळ नसतो.

कार्यशाळा लवकर होईल का, बघ.

तुझी,
झुम्रेता मावशी


सारायेव्हो, २१ जून २००४

प्रिय मावशी,

तुला कुठे ठेवू नि कुठे नको असं झालंय. तू भेटायच्या आत निघून गेलीस, म्हणून लिहिते. बिर्गिटे बाई विमानतळापर्यंत तुमच्याविषयीच बोलत होत्या.

सुरुवातीला मला धाकधूक होती. तो लोकरीचा गुंडा एकमेकींकडे फेकून जाळं विणायचा खेळ आहे ना, त्यात विदा काकू म्हणाल्या की इतक्या चांगल्या लोकरीचा असा सत्यानाश त्यांच्याच्यानं बघवत नाही, आणि तुम्ही नऊ जणी मिळून ती सोडवायला बसलात. अर्धा तास त्यातच गेला. आणि दुभाष्याचं काय करणार, तो नियमात होता. तू बोललेलं तो विदा काकूंना तसंच्या तसं पुन्हा सांगायचा, आणि त्यांचं तुला. मला तोंड लपवावं लागलं.

पण मग 'मनात दडलेलं वाक्य' आलं, आणि विदा काकूंनी कमाल केली. "आमची काहील माझ्या नवऱ्यानं ब्याण्णवच्या उन्हाळ्यात घरी आणली. मी त्याला कुठून आणली असं विचारलं नाही. कारण मला माहीत होतं." काय आवाज लावला होता. पलीकडच्या पंचायतीचा माणूस तर उठून उभाच राहिला. आणि तूही अगदी नेमक्या वेळी निघून गेलीस. याहून चांगलं कुणी रचू शकलं नसतं. ही गोष्ट तुमच्यापैकी कुणाला सुचली?

अहवालात लिहिलंय: उपक्रम ४.२ साध्य.

तुझी,
आल्दियाना


ब्रेझाक, ४ जुलै २००४

आल्दियाना,

ती गोष्ट कुणाला सुचलेली नाही.

काहील माझी आहे. माझ्या सासऱ्यांनी तिच्या काठाला ठिगळ लावलं होतं, तीन खिळ्यांचं, त्यातला मधला वाकडा. २००१ साली विदानं मला पहिल्यांदा तिच्या अंगणात नेलं, तेव्हा मी ते ठिगळ पाहिलं. तेव्हापासून मला माहीत आहे. तीन हंगाम मी त्या काहिलीत उलथणं फिरवलं आणि गप्प बसले. हा चांगुलपणा होता असं कुणाला सांगू नकोस. मला धंदा हवा होता. आणि तिला वाटतंय मला ठाऊक नाही, पण मला ठाऊक आहे, यात मला बरं वाटायचं. ज्या बाईचं सगळं गेलंय, तिच्याकडे एवढं तरी असावं.

त्या दिवशी विदाला नाटक जमलं नाही. ती आधीच म्हणाली होती ना, तिला खोटं भांडता येत नाही. एक वाक्य बोला म्हटलं, तर तिच्याकडे तेच एक होतं.

मी बसूनच होते. मला म्हणायचं होतं, "माहीत आहे गं, बस." तेवढ्यात तुमच्या दुभाष्यानं माझ्याकडे वळून तिचं वाक्य पहिल्या शब्दापासून पुन्हा मला सांगितलं. एकदा ऐकून मी बसले असते. दुसऱ्यांदा, एका अनोळखी पोराच्या तोंडून ऐकल्यावर मी उठले.

तीन दिवसांनी तिच्या जावयानं ट्रॅक्टरवरून काहील आणून माझ्या फाटकाशी टाकली.

झुम्रेता


सारायेव्हो, १ सप्टेंबर २००४

प्रिय मावशी,

दोन महिने हे पत्र लिहीत होते आणि फाडत होते. मी मूर्ख आहे. त्या खोलीत मी एकटीच होते जिला वाटलं की नाटक चाललंय. मला क्षमा कर. विदा काकूंनाही लिहिलं, उत्तर आलेलं नाही.

आता जे लिहायचं ते लिहायला लाज वाटते. शेड पूर्ण झाली आहे. उद्घाटन १८ तारखेला आहे. राजदूत येणार आहेत, फोटोवाला येणार आहे. तुम्ही दोघींनी मिळून फीत कापायची आणि हात हातात धरायचा, असं कार्यक्रमपत्रिकेत छापून झालंय. तू आली नाहीस तर शेडची किल्ली मिळणार नाही, हे मी तुला धमकी म्हणून सांगत नाही. तसा नियमच आहे.

आल्दियाना


ब्रेझाक, १२ ऑक्टोबर २००४

आल्दियाना,

आम्ही आलो होतो, तू पाहिलंस. तू राजदूताच्या मागे छत्री धरून उभी होतीस म्हणून तुला सगळं दिसलं नसेल, म्हणून सांगते.

शेड चांगली आहे. फरशी पांढरी आहे. तिला दोन दारं आहेत आणि दोन बेसिनं, कारण पातळी चारच्या गावांना तसं द्यावं लागतं, असं ठेकेदार म्हणाला. मधे कमरेएवढी भिंत आहे.

फोटोवाल्याला आमच्यातली कोण कुठली ते ओळखू येईना. दोघींच्या डोक्याला एकसारखा रुमाल, एकसारखी गाठ. त्यानं विदाला रुमाल काढायला सांगितलं आणि मला हनुवटीखालून घट्ट बांधायला, म्हणजे परदेशातल्या लोकांना कळेल. विदानं साठ वर्षांत कधी उघड्या डोक्यानं फोटो काढलेला नाही. तिनं काढला. मग हात धरायला सांगितलं. धरला. पुन्हा एकदा म्हणाला. चौथ्या खेपेला तिनं हात काढून घ्यायला बघितला. मी सोडला नाही, पण तिच्याकडे पाहिलंही नाही. तुम्ही छापलेल्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आम्ही हसतोय असं दिसतं. उन्हामुळे डोळे बारीक झाले होते.

या हंगामात कुणीच पेकमेझ केला नाही. फळ झाडाखाली पडलं, निम्मं गांधीलमाश्यांनी खाल्लं, निम्मं डुकरांना गेलं, तीही पलीकडच्या लोकांची. बायकांना मी तोंड दाखवत नाही. काहील अंगणात आहे, तिच्यात कोंबड्या अंडी घालतात. लोक बघायला येतात. आपलं परत मिळवलंत, म्हणतात. पक्षाच्या माणसानं माझा तिच्यासोबत फोटो काढला.

विदाकडे कुणी जात नाही. तिच्या गावात कुणी कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं की घरातल्या वस्तू कुठून आल्या. आता प्रत्येकाला आपलं कपाट आठवतंय. तिच्या फाटकावर कुणीतरी रंगानं लिहिलंय, अजून काय काय सांगणार आहेस.

तुमच्या पुस्तिकेत हे पान नाही.

झुम्रेता


सारायेव्हो, ८ ऑगस्ट २००५

प्रिय मावशी,

आईकडून तुझं कळतं, पण तू लिहीत नाहीस, तेही बरोबर आहे.

गेल्या आठवड्यात मी साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. पहिला अर्ज खरा होता, दुसरा मी खोटा लिहायला लावला, भांडण आम्ही लावलं आणि आता ते खरं झालंय. मला वाटलं, मला काढून टाकतील. मी खोक्यात कुंडी आणि कप भरून ठेवला होता. साहेबांनी शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्हणजे संघर्ष अजून आहे. छान. मग आपण दुसऱ्या टप्प्यासाठी पात्र आहोत."

अनुदान दुप्पट होणार आहे. शिवाय नोव्हेंबरमध्ये परदेशात मोठी परिषद आहे. तुम्हा दोघींना तिथे नेऊन तुमची गोष्ट सांगायला लावायची, असं ठरलंय. अर्ज सोबत पाठवायला सांगितलाय, म्हणून पाठवते. यावेळी चाळीस पानं आहेत.

मी तुला काही सुचवणार नाही. मागच्या वेळी सुचवलं होतं. तू ये म्हणालीस तर मी त्याच आठवड्याच्या शनिवारी निघेन, आणि नाही म्हणालीस तर निघणार नाही.

आल्दियाना


ब्रेझाक, १४ सप्टेंबर २००५

आल्दियाना पोरी,

शनिवारी ये. जुने कपडे घालून ये.

काय झालं ते नीट सांगते, म्हणजे पुन्हा कुणाला काही रचावं लागणार नाही. ऑगस्टच्या शेवटी पक्षाचा माणूस परत आला. त्याला काहील हवी होती. निवडणुकीआधी शहरात प्रदर्शन भरवायचंय, लुटीचा पुरावा म्हणून काचेत ठेवू म्हणाला, खाली तुमचं नाव लिहू. मी म्हटलं, तिच्यात पेकमेझ आटवायचा आहे. तो म्हणाला, कशासाठी, विकत आणा की बरणी. तो गेल्यावर मी कोंबड्या हाकलल्या आणि काहील घासायला बसले, राख आणि व्हिनेगर घेऊन. वर्षाची घाण निघाली आणि आतली कल्हई दिसली. एकसारखी, कुठेही उडालेली नाही. माझ्या घरी होती तेव्हा आम्ही तीन तीन वर्षं कल्हईवाल्याला बोलवायचो नाही. विदानं बारा वर्षं माझं भांडं माझ्यापेक्षा नीट ठेवलं होतं. मला इतका राग आला की मी हात धुतले आणि तशीच ओढा ओलांडून गेले.

ती अंगणात वाटाणे सोलत होती. मला पाहून उठली नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं की मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"मग बोलली का नाहीस?"

मी म्हटलं, मला धंदा हवा होता, आणि तुला ठाऊक नसलेलं मला ठाऊक असावं, हेही हवं होतं.

तिनं हातातली शेंग सोलून टोपलीत टाकली. मग म्हणाली, "तीन वर्षं तुझ्यासमोर त्या काहिलीला हात लावताना मी मरत होते. आणि तू बघत होतीस."

"हो."

"हलकट आहेस, झुम्रे."

मी म्हटलं, आहे. तिनं बाकावरची टोपली उचलून जागा केली. मी बसले. कॉफी तिनं ठेवली नाही आणि मी मागितली नाही. मग मी तिला ते विचारलं, जे मी परत आल्यापासून कुणालाच विचारलं नव्हतं, कारण एका गावात राहायचं तर कुणाला तरी न विचारून चालवावं लागतं. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात नेलेला माझा नवरा, रामिझ, कुठे आहे, म्हटलं. तिचा नवरा ओब्रेन त्या आठवड्यात कुठे कुठे गेला होता, ते ती सांगू शकली असती.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मला माहीत नाही. ओब्रेन मरेपर्यंत बोलला नाही आणि शेवटी शेवटी मी रोज विचारत होते. माहीत असतं तर काहिलीच्या आधी तुला तेच दिलं असतं."

मी विश्वास ठेवला. ठेवायचाच असं ठरवून ठेवला की तसा बसला, ते मला अजून सांगता येत नाही, आणि तुमच्या चाळीस पानांत त्यासाठी रकाना नाही, मी पाहिलं. मी रडले, तीही रडली, आणि दुभाष्या नसल्यामुळे ते एकदाच झालं.

नऊपैकी सात जणी परत आल्या. दोघी नाही आल्या. एक इकडची, एक पलीकडची. त्यांना आम्ही दोष देत नाही. शेडमधली कमरेएवढी भिंत फोडता येईना, म्हणून तिच्यावर फळी टाकून बरण्या मांडल्या आहेत. काहील माझी आहे आणि ती विदाच्या अंगणात चुलीवर आहे, कारण तिथे वारा लागत नाही. तिच्या गावातले काही जण अजून रस्ता बदलतात. माझ्या गावातले काही जण आता मला पाहून बदलतात. हाजींची बायको पिटाचं ताट परत मागायला आली होती. बुधवारी आमचं एकच टेबल असतं. लोक आधी इकडे तिकडे बघतात, मग चव बघतात.

परिषदेला आम्ही येणार नाही. नोव्हेंबरात रासबेरी छाटायची असते. साहेबांना लिही की ब्रेझाक आणि विलिन लुग अनुदानाला पात्र नाहीत. त्यांनी कारण विचारलं तर लिही की इथे संघर्ष नाही, शांतताही नाही, काम आहे. तुझी नोकरी गेली तर कुंडी आणि कप घेऊन इथे ये, बरण्यांवर लेबल लावायला नीट अक्षराचं माणूस आम्हाला हवंच आहे.

आणि शनिवारी आलीस की आमच्या मधे पडू नकोस. विदाच्या डोक्यात शहरातल्या पोरांसाठी पेकमेझमध्ये साखर घालायचं शिरलंय. शंभर वर्षांत आपल्या दोन्ही गावांत कुणी साखर घातलेली नाही. ती म्हणते मी जुनाट आहे, मी म्हणते तिला चव नाही. सोमवारपासून आम्ही एकमेकींशी बोलत नाही, फक्त उलथणं हातातून हातात देतो. हे भांडण खरं आहे. ते मिटवायला कुणालाही पाठवू नकोस.

तुझी,
झुम्रेता मावशी